किल्ल्यामागचे चौदा डीबी

आत्याचा मोबाइल स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात राहतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, एका जुन्या गोठीत तिचं घर आहे. गोठ म्हणजे शिंद्यांच्या सरदार-मानकऱ्यांच्या वाड्यांभोवती वसलेला मोहल्ला. आमच्याकडच्या मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगितलं. भिंती दगडी, दोन फूट जाड. फोन वाजला की आत्या पदराला हात पुसत कोनाड्याशी जाते आणि भिंतीकडे तोंड करून बोलते. फोन हातात घेऊन दोन पावलं मागे सरकलं की पलीकडचा आवाज तुटतो. मांजराबद्दल बोलावं तसं ती सांगते, "तो तिथंच राहतो."

२०२३ च्या जानेवारीत त्याच घरात मी जवळपास तीन आठवडे राहिले. मी रेडिओ प्लॅनिंगमध्ये आहे, म्हणजे टॉवर कुठे लावायचे आणि कोणत्या गच्चीवरून कोणत्या गल्लीत किती सिग्नल पोचेल याचा आधीच अंदाज बांधायचा, हे माझं काम. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं होतं आणि आमच्या कंपनीच्या यादीत ग्वाल्हेरचा नंबर येत होता. ३५०० मेगाहर्ट्झची पट्टी हातात होती, पण या शहरासाठी ट्यून केलेलं मॉडेल नव्हतं. पुण्याच्या ऑफिसात सीनियरनं विचारलं, "ग्वाल्हेर तुझंच ना? मग तूच जा." हॉटेलचं भाडं वाचलं म्हणून त्यांना आनंद, आणि थंडीत गजक खायला मिळेल म्हणून मला.

मॉडेल म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. अँटेनातून निघालेली लहर अंतराबरोबर क्षीण होते. मोकळ्या हवेतली घट काढणं सोपं आहे: ३५०० मेगाहर्ट्झला २०० मीटरवर सुमारे ८९ डीबी. डीबी म्हणजे डेसिबल, दर दहा डीबीला शक्ती दहापट कमी-जास्त. तेच ९०० मेगाहर्ट्झला जवळपास १२ डीबी कमी, म्हणजे पोचणारी शक्ती पंधरापट. पण शहरात मोकळी हवा असते कुठे? ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियो आणि आसपास गाडी फिरवून मोजमापं केली, १९६८ मध्ये त्यांचे आलेख छापले. १९८० मध्ये हाता यांनी त्या आलेखांवर समीकरणं बसवली. आज जगभरातल्या प्लॅनिंग टूल्समध्ये जे सर्वसाधारण मॉडेल असतं, त्याच्या पोटात ती समीकरणं अजून जिवंत आहेत. आमच्या टूलमध्ये के-वन, के-टू असे गुणांक असतात. के-टू न बदलता ठेवला तर तो ४४.९ दिसतो. हा आकडा थेट हाता यांच्या समीकरणातला. अँटेनाच्या उंचीचा हिशेब त्यात धरला की तीस मीटरच्या अँटेनासाठी अंतर दहापट झाल्यावर घट ३५ डीबीनं वाढते, असं ते सांगतं.

आता हाता यांनी स्वतः घालून दिलेल्या मर्यादा बघा. वारंवारता १५० ते १५०० मेगाहर्ट्झ, अंतर एक ते वीस किलोमीटर, अँटेना ३० ते २०० मीटर उंच, जमीन बऱ्यापैकी सपाट. आमची वारंवारता ३५००, अंतर तीनशे-चारशे मीटर, अँटेना तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गच्चीवर. आणि जमीन? शहराच्या मधोमध शंभर मीटर उंचीचा कडा, उत्तर-दक्षिण दोन-अडीच किलोमीटर पसरलेला, वर सपाट पठार आणि तट. ग्वाल्हेर मुळात त्या किल्ल्याभोवती तीन तुकड्यांत वसलेलं आहे: पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर, पूर्वेला मुरार, दक्षिणेला दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या छावणीतून वाढलेलं लष्कर. टोकियोचं समीकरण इथं उसनं घालायचं तर मापं घेऊन उसवून पुन्हा शिवावं लागणार. त्यालाच ट्यूनिंग म्हणतात.

हा उपद्व्याप कशासाठी, असं आमच्याच फायनान्सवाल्यांनी एकदा विचारलं होतं. मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष माप यांच्यातल्या फरकाचं प्रमाण विचलन, आम्ही त्याला नुसतं सिग्मा म्हणतो, ते जितकं मोठं तितकी राखीव ताकद धरून ठेवावी लागते. सेलच्या, म्हणजे एका अँटेनाच्या टापूच्या, कडेला दहातल्या नऊ जागी सिग्नल हवा असेल तर सिग्माच्या १.२८ पट. सिग्मा आठ असेल तर दहा डीबी, सहा असेल तर पावणेआठ. वाचलेले अडीच डीबी किरकोळ वाटतात, पण त्यानं सेलची त्रिज्या सुमारे अठरा टक्के वाढते, क्षेत्रफळ चाळीस टक्के, आणि तेवढ्याच शहराला साइट लागतात जवळपास तीस टक्के कमी. हा हिशेब दाखवल्यावर ते गप्प बसले.

तर आठ जागा निवडल्या. लष्करात जनकगंज, नया बाजार आणि कंपू. मग शिंदे की छावणी, हजीरा, मुरार, थाटीपूर आणि सिटी सेंटर. प्रत्येक ठिकाणी एका गच्चीवर तात्पुरता मास्ट, म्हणजे उंच खांब, उभारायचा, त्यावर सगळीकडे सारखं फेकणारी छोटी अँटेना, खाली वीस वॉटचा ट्रान्समीटर. तो काही बोलत नाही, डेटा पाठवत नाही, एकच शुद्ध सूर लावून ठेवतो. तानपुरा म्हणा. तानसेनाच्या गावात ही उपमा टाळणं मला जमलं नाही. याला सी-डब्ल्यू टेस्ट म्हणतात. मग गाडीच्या टपावर रिसीव्हरची अँटेना आणि जीपीएस लावून आसपासचे सगळे रस्ते पिंजून काढायचे.

गच्च्या मिळवणं हाच अर्धा प्रकल्प. जनकगंजात एका आजोबांनी मास्ट बघून दार लावून घेतलं. "रेडिएशन!" मी त्यांना सांगितलं, की आपल्याकडची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, आणि हे यंत्र फक्त एक दिवस राहणार. एक दशांश ऐकून त्यांचा संशय वाढलाच: "म्हणजे धोका असणार, म्हणून तर कमी केली!" याला उत्तर नसतं. शेवटी आत्यानं फोन केला, कोनाड्यातून. त्या घरातल्या सूनबाई आत्याच्या भजनी मंडळात निघाल्या. अर्ध्या तासात चहासकट गच्ची मिळाली.

पहिले तीन दिवस धुक्यात गेले. ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीला धुकं जाणवतसुद्धा नाही, पण ड्रायव्हरला जाणवतं. सकाळी दहापर्यंत समोरची म्हैस दिसत नव्हती. मग दुपारी बाहेर पडायचं, म्हणजे ऐन गर्दीत.

गर्दीचं एक वेगळंच गणित आहे. लहर भिंतींवर आपटून इतक्या वाटांनी येते की एका टिचभर जागेत सिग्नल पंधरा-वीस डीबी वर-खाली होतो. ती थरथर सरासरीत पुसून टाकायची, पण रस्त्याचा खरा चढउतार पुसायचा नाही. त्यासाठी ली यांचा जुना दंडक आहे: चाळीस तरंगलांबी एवढ्या अंतरात छत्तीस ते पन्नास नमुने. आमची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे चाळीस तरंगलांब्या साडेतीन मीटरच्या आतच संपतात. ताशी ३६ किलोमीटरनं गेलं तर सेकंदाला दीडशे नमुने हवेत. लष्करच्या मुख्य चौकात, महाराज बाड्यावर, संध्याकाळी ताशी सहाच्या वर जाणं म्हणजे चमत्कार, त्यामुळे नमुन्यांची ददात नव्हती. उलट पंचाईत अशी की दौलतगंजच्या तोंडाशी आम्ही वीस मिनिटं अडकलो आणि एकाच बिंदूवर हजारो नमुने साठले. ते तसेच मॉडेलला दिले असते तर त्याला वाटलं असतं सगळं ग्वाल्हेर त्या एका कचोरीच्या ठेल्यासमोर वसलंय. म्हणून सरासरी वेळेवर नाही, अंतरावर घ्यायची.

नया बाजारच्या दिवशी घात झाला. संध्याकाळी आकडे बघते तर सगळेच किंचित मलूल. प्रत्येक साइटवर एक पडताळा मी आवर्जून घेते: अँटेना समोर दिसते अशा मोकळ्या रस्त्यावर, २०० मीटरवर, मोकळ्या हवेच्या हिशेबाशी ताडून बघायचं. रिसीव्हरवरचा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल तगडा. वजा ४२ च्या आसपास यायला हवं होतं, आलं वजा ४७. पाच डीबी म्हणजे दोन तृतीयांश ताकद वाटेतच गळालेली. टेस्ट इंजिनिअर भिंडचा मुलगा, तेवीस वर्षांचा, कामाला वाघ. त्याला घेऊन रात्री पुन्हा गच्चीवर गेले. मास्टच्या वरच्या टोकाचा कनेक्टर अर्धाच फिरवलेला. थंडीनं बोटं बधिर झाली म्हणून त्यानं हातमोजे घालून आवळला होता. तो कानाच्या पाळ्या धरून उभा राहिला. मी काही बोलले नाही, कारण हीच चूक मी नोकरीच्या पहिल्या वर्षी केली होती आणि ती चार दिवसांनी लक्षात आली होती. नया बाजार दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून.

लष्करातल्या आतल्या गल्ल्यांत गाडी जातच नव्हती. ई-रिक्षा ठरवली, टपावर चुंबकानं अँटेना चिकटवली. टप प्लॅस्टिकचा. चुंबक चिकटेना. लोखंडी ताटली मागायला रिक्षावाला घरी गेला तो परातच घेऊन आला. परात बांधलेली ई-रिक्षा गोठीत शिरली तेव्हा पोरं मागे पळत होती आणि बायका दारातून विचारत होत्या, हाउस टॅक्सचा सर्व्हे आहे का. जिथं ई-रिक्षाही अडली तिथं रिसीव्हर पाठीवरच्या सॅकमध्ये घालून मी चालले.

आठही जागांचा डेटा जमला. मग चाळणी. अँटेनाच्या अगदी पायाशी घेतलेले बिंदू काढायचे, कारण तिथं अँटेनाचा झोत डोक्यावरून जातो. रिसीव्हरच्या तळाशी, नुसत्या खरखरीजवळ पोचलेले बिंदू काढायचे, नाहीतर कमकुवत जागांतले फक्त नशीबवान नमुने उरतात आणि मॉडेल उगाच आशावादी होतं. जीपीएसनं अरुंद गल्लीत घेतलेल्या उड्या सरळ करायच्या. माझ्या पायी फेरीतला एक तुकडा एका देवळाच्या गाभाऱ्यातून गेलेला दिसत होता. सात साइटचा डेटा ट्यूनिंगला आणि एक, कंपूची, कुलपात. तिचा डेटा मॉडेलला दाखवायचा नाही, शेवटी त्यावर परीक्षा घ्यायची.

टूलचं बटण दाबलं. गुणांक फिरले, स्थिरावले. सरासरी चूक ०.१ डीबी, सिग्मा ८.७. मी पुण्याला कळवलं. सीनियर म्हणाले, "सरासरी शून्य! सिग्मा थोडा जास्त आहे, पण डोंगर आहे ना तिथं. लिहून पाठव." रविवार होता. मीही लॅपटॉप मिटलाच होता.

पण सरासरी शून्य येणं हे कर्तृत्व नव्हेच. के-वन हा नुसता स्थिरांक. बाकी सगळं चुकलं तरी तो वर-खाली सरकून सरासरी शून्यावर आणून ठेवतो, ते त्याचं कामच आहे. शिंप्यानं सदऱ्याची लांबी बरोबर ठेवली म्हणून बाह्या दंडात बसतील असं नाही. म्हणून जेवण झाल्यावर मी प्रत्येक बिंदूची चूक रंगवून नकाशावर टाकली: माप अंदाजापेक्षा जास्त तिथं निळा, कमी तिथं तांबडा. चूक खरोखर आपसूक असेल तर रंग रांगोळीच्या कण्यांसारखे मिसळलेले दिसतात. माझ्या नकाशावर दोन डाग होते. किल्ल्याच्या पश्चिमेला, बहोडापूरच्या बाजूला, निळाशार पट्टा, सरासरी अधिक चौदा. लष्करातल्या गोठींवर तांबडा, सरासरी वजा नऊ. दोन थापा एकमेकींना खाऊन शून्य झाल्या होत्या.

शून्याचं म्हणाल तर आमच्या किल्ल्याचं त्याच्याशी जुनं नातं आहे. वर चढताना कड्यात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं, त्यातल्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आजच्यासारखेच, शून्यासकट कोरलेले आहेत. २७० हात लांबीची बाग आणि रोजच्या ५० माळा. शाळेच्या सहलीत बाईंनी दाखवलं होतं तेव्हा एवढंसं वर्तुळ बघून माझी निराशा झाली होती. त्या शून्याला निदान डावीकडे दोन आणि सात होते.

पहिला डाग निळा. बहोडापूरकडे हजीऱ्याच्या साइटचा सिग्नल मोजला होता आणि मधे सगळा किल्ला आडवा. एका धारेवरून लहर वाकून पलीकडे उतरते तेव्हा किती झिजते, याचं सूत्र आहे. कागदावर केलं: कड्याची धार दृष्टिरेषेच्या नव्वद मीटर वर, एका बाजूला दीड किलोमीटर, दुसऱ्या बाजूला सातशे मीटर. जवळपास चाळीस डीबी, म्हणजे दहा हजारातला एक भाग उरतो. इथं तर पठार असल्यानं धारा दोन. दोन धारांची बेरीज कशी करायची यावर टूलमध्ये तीन-चार पद्धती होत्या. आपोआप निवडलेली देगू यांची, आणि ती अशा जवळच्या धारांत नुकसान फुगवून सांगते हे माहीत असलेलं आहे. ती बदलून पाहिली. चार डीबी सुधारले. उरलेले दहा?

सोमवारी भिंडच्या मुलाला घेऊन तिथंच गेले. या वेळी दिशा दाखवणारी अँटेना हातात, माशाच्या काट्यासारखी असते ती. हजीऱ्याला ट्रान्समीटर पुन्हा लावलेला. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी ती गोल फिरवू लागले. समोर कडा, त्याच्या बरोबर मागे हजीरा. अँटेना कड्याच्या माथ्याकडे रोखली, आकडा जेमतेम. हळूहळू डावीकडे, उत्तरेकडे वळवत गेले तसा आकडा चढला, आणि एका पिवळ्या चार मजली इमारतींच्या रांगेकडे रोखल्यावर आठ डीबीनं उसळला. एक म्हातारा गुराखी बराच वेळ बघत होता. त्यानं विचारलं, "बिटिया, का ढूँढ़ रहीं?" मी म्हटलं, सिग्नल कुठून येतोय ते. त्यानं काठीनं उत्तरेकडे, किल्ल्याच्या टोकाकडे दाखवलं, "उतै सें. हवाऊ उतईं सें आत."

त्याला वाऱ्याबद्दल म्हणायचं होतं, पण उत्तर बरोबर होतं. लहर किल्ल्यावरून चढून येत नव्हती. ती उत्तरेच्या टोकाला वळसा घालून, पिवळ्या इमारतींवर आपटून येत होती. आमच्या मॉडेलला फक्त उभा छेद दिसतो: अँटेनापासून फोनपर्यंत सुरी चालवली की जे कापलं जातं तेवढंच त्याचं जग. डोंगराला बाजूनं जाता येतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्यातून आमचा उंचीचा नकाशा तीस मीटरच्या चौकोनांचा. ताठ कडा त्यात उतार होऊन बसला होता आणि धार नक्की कुठे आहे तेही चौकोनभर इकडेतिकडे.

दुसरा डाग माझ्या माहेरचा. तांबडा. गोठींमध्ये सिग्नल अंदाजापेक्षा नऊ डीबी कमी. इथं डोंगर नव्हता, दोष नकाशाचा. जमिनीच्या वापराचा आमचा नकाशा पाच मीटरच्या चौकोनांत कापलेला, आणि गोठीतली गल्ली कुठं सहा फूट, कुठं आठ. चौकोनात गल्ली मावायची नाही, मग ती गायबच होते. दोन्हीकडची घरं एकमेकांना चिकटून एक मोठा ठोकळा तयार होतो. मी सॅक पाठीला लावून जिथं चालले, तिथं नकाशाच्या लेखी मी भिंतीत उभी होते. वर छज्जे इतके पुढे आलेले की आकाशाची पट्टी हातभर. शिवाय सगळं ‘दाट शहरी’ या एकाच वर्गात: सिटी सेंटरमधल्या काचेच्या इमारती आणि दोन फुटी दगडी वाडे एका दावणीला. गंमत म्हणजे बंद पडून दशकं झालेल्या जे. सी. मिल या कापड गिरणीचा परिसर अजून ‘औद्योगिक’ होता.

मग दुरुस्ती. हा भाग कंटाळवाणा आहे, पटकन उरकते. जुन्या लष्करासाठी वेगळा वर्ग काढला, उपग्रहचित्रावर हातानं सीमा आखून. दोन रात्री गेल्या आणि आत्यानं कुठला वाडा कुणाचा हे सांगत बरीच मदत केली, जिचा निम्मा भाग तांत्रिकदृष्ट्या निरुपयोगी होता. मिलची नोंद बदलली. ज्या साइट आणि फोनच्या मधे किल्ला येतो ते बिंदू ट्यूनिंगमधून वेगळे काढले आणि त्या पट्ट्यासाठी किरणांचा माग काढणारं त्रिमितीय मॉडेल मागवलं. ते सगळ्या शहराला चालवायला फार वेळ खातं, पण किल्ल्याभोवतीच्या पट्ट्यापुरतं परवडतं. उरलेल्या बिंदूंवर पुन्हा ट्यूनिंग. सिग्मा ६.९.

कुलूप काढलं, कंपूचा डेटा बाहेर. न पाहिलेल्या साइटवर सरासरी चूक १.४, सिग्मा ७.३. हे दोन आकडे बघून मला त्या ०.१ पेक्षा कितीतरी जास्त बरं वाटलं. सीनियरना मात्र समजावायला पाऊण तास लागला. "आधी शून्य होतं, आता दीड कसं?" मी दोन्ही नकाशे पाठवले, रंगीत. बऱ्याच वेळानं उत्तर आलं: "बहोडापूरला आपण साइट धरली होती ना एक?" धरली होती. निळ्या पट्ट्यात, जिथं मॉडेलच्या मते काळोख होता. ती रद्द झाली. आणि गोठींजवळ एक वाढली.

वाढली खरी, पण टूलनं सुचवलेल्या दोन जागांपैकी एक किल्ल्याच्या पायथ्याशी निघाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, पुढचे २०० मीटर परवानगीनं. टूलला कायदा कळत नाही, त्याला फक्त उंची आवडते. दुसरी जागा दाल बाजाराकडच्या एका गच्चीची, तिच्यावर शिक्कामोर्तब झालं.

निघायच्या आदल्या रात्री हातातला छोटा स्कॅनर घेऊन आत्याच्या स्वयंपाकघरात बसले. ४जीचा १८०० चा सिग्नल: खोलीच्या मध्यावर वजा १११, कोनाड्यात वजा ९७. चौदा डीबी. आकडा बघून मी हसले, पण हे चौदा निराळे होते. कोनाड्यासमोर, चौकापलीकडच्या भिंतीत एक झरोका आहे, धूर जायला ठेवलेला. झरोक्यातून पाहिलं तर दोन गच्च्यांच्या फटीत लांब टॉवरचा लाल दिवा दिसत होता.

आत्या तव्यावरून विचारत होती, "मग तुझ्या त्या नकाशात हा कोनाडा आहे का?"

"नाही गं. पाच मीटरचा एक चौकोन आहे. त्यात तुझं अख्खं स्वयंपाकघर मावतं. आणि घरात शिरताना किती घट धरायची, तो सगळ्या लष्कराला मिळून एकच आकडा."

"आणि दाल बाजारचा तो नवा लागल्यावर?"

मी झरोक्याकडे पाहिलं, मग दाल बाजार कोणत्या अंगाला येतो ते मनात जुळवलं. तो चौकाच्या बाजूला नव्हता. तो चुलीच्या मागच्या भिंतीकडून येणार होता, दोन फुटांतून.

आत्यानं पोळी उलटली. "मग चार्जर राहू दे तिथंच," ती म्हणाली.